मांजरीच्या पिल्लांचे डोळे गळतायत: घरी थांबावं की डॉक्टरकडे न्यावं?

रानजाई

कुडाळच्या पुढे गावात आमचं घर आहे. मागच्या लाकडांच्या खोपीत एका भटक्या मांजरीने चार पिल्लं घातली आहेत. अंदाजे महिन्याची असतील. डोळे उघडून बरेच दिवस झाले, अजून निळसर आहेत. चालतात, एकमेकांच्या अंगावर उड्या मारतात, पण पितात आईचंच. मांजरी आम्हाला ओळखते, जवळ जाऊ देते.

परवापासून डोळ्यांचा त्रास सुरू झालाय आणि प्रत्येकाचा वेगळा दिसतोय, म्हणून नीट लिहिते.

पिवळ्या पिल्लाचा डावा डोळा नुसता पाणावतो. पाणी स्वच्छ, डोळा टक्क उघडा, खेळतंय. पांढऱ्या-काळ्या पिल्लाचे सकाळी दोन्ही डोळे चिकटलेले असतात, पिवळट चिपडं येतात, शिंका देतं आणि बाकीच्यांपासून बाजूला बसून राहतं. काळ्या पिल्लाला चिपडं अजिबात नाहीत, पण आज सकाळपासून ते उजवा डोळा अर्धवट मिटूनच बसलंय आणि सारखं पंज्याने चोळतंय. चौथं ठणठणीत आहे.

सासूबाई म्हणतात की पिल्लांचे डोळे येतातच, आई चाटून बरे करते, हात लावू नका. तालुक्याला सरकारी दवाखाना आहे, पण डॉक्टर बरेचदा गुरांसाठी फिरतीवर असतात. त्यात पाऊस धो धो. कुणाला ताबडतोब न्यायला हवं आणि कोण थांबू शकतं, ते सांगाल का? आणि आपण हात लावला तर आई पिल्लं टाकून देते, हे खरं का?

वाटसरू_पुणे

रानजाई, इतकं बारकाईने पाहून लिहिलंत त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. मी आईवेगळी पिल्लं सांभाळते, बहुतेक वेळा डोळे बिघडलेलीच आमच्याकडे येतात.

तुमच्या वर्णनात लोकांना सगळ्यात जास्त भीती पांढऱ्या-काळ्याची वाटेल, कारण चिपडं दिसतात. मला काळ्याची आधी वाटते. डोळा मिटून धरणं म्हणजे डोळा दुखतोय. नुसत्या सर्दीत डोळा गळतो, लाल होतो, पण पिल्लू तो उघडा ठेवतं. पिल्लू एकच डोळा बारीक करून बसलं, उजेडाकडे तोंड फिरवू लागलं, पंज्याने चोळू लागलं, तर बुबुळाला जखम झाल्याची शक्यता धरायची. खोपीत लाकडाची कुसळं आहेत, भावंडांची नखं आहेत, आणि सर्दीचा विषाणू स्वतःही बुबुळावर जखम करतो. कारण काहीही असो, त्याला आजच दाखवा. उद्यावर टाकू नका.

पांढरं-काळं दुसऱ्या क्रमांकावर, पण तेही आजच न्यायचं. शक्य असेल तर दोघांना एकाच खोक्यातून. पिवळट-हिरवं चिपड, शिंका आणि बाजूला बसणं, हे तिन्ही एकत्र आलं की घरगुती उपायांची वेळ संपली.

पिवळं थांबू शकतं. पाणी स्वच्छ आहे, डोळा टक्क उघडा आहे, खेळतंय, पितंय. दिवसातून दोन-तीनदा पुसायचं आणि लक्ष ठेवायचं. दोन दिवसांत थांबलं नाही, किंवा पाण्याचा रंग बदलला, डोळा बारीक झाला, तर त्यालाही घेऊन जा. डॉक्टरांकडे जालच तेव्हा त्याचा दिवसाउजेडी काढलेला फोटो मोबाईलमध्ये न्या.

आईबद्दल: पाळलेली किंवा माणसाळलेली मांजरी माणसाच्या वासाने पिल्लं टाकत नाही. खोपीत सारखी वर्दळ झाली तर ती पिल्लं उचलून दुसरीकडे नेते, हे मात्र होतं. म्हणून दवाखान्यातून आल्यावर पिल्लू त्याच जागी ठेवा आणि जरा लांब व्हा. तिला भरपूर खायला घाला, ती दूध पाजतेय.

वाटसरू_पुणे

चिकटलेले डोळे कसे उघडायचे ते वेगळं लिहिते, कारण इथेच घाई होते.

पाणी उकळून कोमट होऊ द्या. हात साबणाने धुवा. स्वच्छ कापसाचा बोळा किंवा मऊ सुती कापड त्या पाण्यात भिजवून, पिळून, मिटलेल्या पापणीवर नुसतं ठेवा. पुसायचं नाही. एक-दोन मिनिटं धरून ठेवलं की कडक झालेलं चिपड भिजतं, फुगतं. मग नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या बाजूला हलक्या हाताने एकदाच फिरवा. निघालं नाही तर पुन्हा भिजवा. सुकलेलं चिपड नखाने ओढलं की पापणीचे केस आणि कातडीही निघते.

प्रत्येक डोळ्याला नवीन बोळा, प्रत्येक पिल्लाला नवीन बोळा. मधे हात धुवायचे. ठणठणीत पिल्लाला सगळ्यात आधी हाताळायचं, आजारी सगळ्यात शेवटी.

पापणी उघडली की कधी कधी आत साठलेला पू भसकन बाहेर येतो. घाबरू नका, तो बाहेर येणंच चांगलं. पुसून झालं की बुबुळ बघा. स्वच्छ, काचेसारखं चकचकीत दिसतंय का? निळसर-पांढरट धुरकट डाग, खड्डा, किंवा पृष्ठभाग खरबरीत दिसला तर डॉक्टरांना फोनवरच तसं सांगा.

शेवगा

आमच्याकडे सोलापूरला गुलाबपाण्याचे दोन थेंब घालायचे, आणि आजी तर निरशा दुधात बोळा भिजवून फिरवायची. पिल्लं बरी झालेली पाहिली आहेत. निदान डॉक्टर मिळेपर्यंत हे करायला काय हरकत आहे?

वाटसरू_पुणे

शेवगादादा, बरी होतात हे खरं आहे, कारण साधी सर्दी बरीच पिल्लं स्वतःच्या ताकदीवर आठवडा-दोन आठवड्यांत ओढून काढतात. श्रेय मात्र गुलाबपाण्याला मिळतं. बाजारातल्या गुलाबपाण्यात वास टिकवायला काय काय घातलेलं असतं, ते निर्जंतुक नसतं, आणि जखम झालेल्या बुबुळावर ते झोंबतं. दूध डोळ्यात गेलं की तिथे जंतूंना आयतं खाणं. मध, हळद, तूप, काजळ, एरंडेल यांचंही तेच. आजीचा कोमट बोळा फिरवण्याचा भाग मात्र अगदी बरोबर होता, फक्त दुधाऐवजी उकळलेलं पाणी घ्यायचं. औषधाच्या दुकानात सलाइनची छोटी बाटली मिळते, ती मिळाली तर उत्तमच.

नीरा_काठी

मी पशुवैद्य आहे. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील महाविद्यालयात शिकले, आता खासगी प्रॅक्टिस करते आणि माझ्याकडे निम्म्याहून जास्त मांजरंच येतात. वाटसरूंनी लावलेला क्रम बरोबर आहे. मी फक्त आतलं कारण सांगते, म्हणजे घाई का करायची ते पटेल.

पिल्लांचे डोळे येण्यामागे बहुतेक वेळा मांजरांचा हर्पिस विषाणू असतो. बरोबरीने कॅलिसी विषाणू, तसेच क्लॅमिडिया आणि मायकोप्लाझ्मा हे जिवाणू. अनेकदा दोन-तीन एकत्र असतात. हर्पिस एकदा अंगात शिरला की तो जन्मभर मज्जातंतूंमध्ये दडून राहतो. मांजरीवर ताण आला की पुन्हा डोकं वर काढतो. बाळंतपण आणि दूध पाजणं हाही ताणच. त्यामुळे आई वरून धडधाकट दिसते आणि पिल्लांना चाटता चाटता विषाणू देते. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान ओसरतं, काहींचं त्याआधीही. म्हणून नेमकी याच वयात पिल्लं आजारी पडतात.

खुणा थोड्या वेगळ्या असतात. हर्पिसमध्ये शिंका, नाक चोंदणं आणि बुबुळावर झाडाच्या फांद्यांसारखी बारीक जखम. कॅलिसीमध्ये जिभेवर, टाळूवर फोड. पिल्लू लाळ गाळतं आणि खायला जाऊन मागे फिरतं. क्लॅमिडियात बहुतेक वेळा आधी एक डोळा, मग काही दिवसांनी दुसरा, आणि पापणीच्या आतला गुलाबी भाग इतका सुजतो की फुगून बाहेर आल्यासारखा दिसतो. शिंका त्या मानाने कमी. पण हे वाचून घरी निदान करू नका, नुसत्या डोळ्यांनी मलाही ठामपणे सांगता येत नाही.

दवाखान्यात आम्ही एक साधी गोष्ट करतो. फ्लुरेसिनची नारिंगी कागदी पट्टी सलाइनमध्ये भिजवून डोळ्याला टेकवायची, जादा रंग धुऊन टाकायचा आणि निळ्या उजेडात बघायचं. बुबुळावर जखम असेल तर तेवढीच जागा हिरवी चमकते. नसेल तर डोळा स्वच्छ दिसतो. दोन मिनिटांचं काम आहे. काळ्या पिल्लाची ही तपासणी करून घ्याच. डॉक्टरांनी आपणहून केली नाही तर "डोळ्याला स्टेन करून बघता का?" असं विचारायला संकोच करू नका.

जखम वेळेवर कळली तर बहुतेक वेळा बुबुळ पूर्ववत होतं. राहून गेली तर त्यावर फूल पडतं, नाहीतर ती खोल जात डोळा फुटतो. पिल्लांमध्ये हे एक-दोन दिवसांतही होऊ शकतं. शिवाय जखमी बुबुळ आणि पापणीचा आतला पडदा एकमेकांना चिकटून जातात, मग तो डोळा नीट उघडतच नाही. भटक्या मांजरांमध्ये एक डोळा पांढरा पडलेली, मिटलेली मांजरं आपण सगळे पाहतो. त्यातली कितीतरी पिल्लूपणी आलेल्या डोळ्यांची आहेत.

किनारा

विषय निघालाच आहे तर विचारते. गेल्या पावसाळ्यात आमच्या घरात सगळ्यांचे डोळे आले होते. त्यावेळचे ड्रॉप्स फ्रिजमध्ये आहेत, तारीखही शिल्लक आहे. रात्री-अपरात्री पिल्लाचा डोळा बिघडला आणि दवाखाना बंद असला, तर माणसांचे ड्रॉप्स घालू शकतो का?

नीरा_काठी

किनाराताई, विचारलंत ते फार बरं केलंत. नाही. यात जिवावर बेतणारी नसली तरी डोळ्यावर बेतणारी गोष्ट आहे.

माणसांच्या डोळ्यांच्या कितीतरी बाटल्यांमध्ये अँटिबायोटिकच्या जोडीला स्टेरॉइड असतं. लेबलवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, फ्लुरोमेथोलोन यातलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड. त्याने लाली पटकन उतरते, डोळा सुधारल्यासारखा वाटतो. आतून मात्र हर्पिसला मोकळं रान मिळतं आणि बुबुळावरची जखम भरायची थांबते. पिल्लाच्या डोळ्यात स्टेरॉइड घालायचा निर्णय स्टेन करून जखम नाही हे पाहिल्यानंतर डॉक्टरनेच घ्यायचा असतो.

नुसतं अँटिबायोटिक असलेली बाटली असली तरी उघडून महिना झालेला असतो, दुसऱ्याच्या डोळ्याला टोक लागलेलं असतं. रात्री दवाखाना बंद असेल तर सलाइनने पुसा, पिल्लाला ऊब द्या, पोटात दूध जातंय याची खात्री करा आणि सकाळी पहिल्यांदा दवाखान्यात जा.

याच ओघात: ताप वाटला म्हणून क्रोसिन किंवा कुठलंही पॅरासिटामॉल देऊ नका. मांजरांना ते विष आहे, पिल्लाला तर चिमूटभरही जीवघेणं ठरतं. पिसवांसाठी कुत्र्यांची पावडर किंवा परमेथ्रिन असलेला स्प्रेही मारू नका.

हिरवा_चाफा

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये अगदी नवजात पिल्लं आहेत, आठवड्याचीही नसतील. डोळे मिटलेलेच आहेत, पण एकाची पापणी बाहेरून टेंगूळ आल्यासारखी फुगली आहे. डोळे उघडले की आपोआप बरं होईल ना?

नीरा_काठी

नाही, आजच न्या. पिल्लांचे डोळे साधारण सात ते चौदा दिवसांत उघडतात. त्याआधी मिटलेल्या पापणीमागे जंतुसंसर्ग झाला तर पू बाहेर यायला वाट नसते, तो आत साठतो आणि बुबुळावर दाब येतो. डॉक्टर पापणी भिजवून हलकेच मोकळी करतात, आतला पू धुतात आणि मलम देतात. घरी बोटांनी उघडायचा प्रयत्न करू नका. पिल्लू नेताना गार पडू देऊ नका: कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून खोक्याच्या एका बाजूला ठेवा, दुसरी बाजू मोकळी, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येईल. बाकीच्या पिल्लांच्या पापण्यांकडेही बघा.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर फोनवर भेटले, दुपारनंतर दवाखान्यात आहेत म्हणाले. काळं आणि पांढरं-काळं दोघांना टोपलीत घालून वर जाळी बांधून नेलं. मोटारसायकलवर पाऊस लागेल म्हणून रिक्षा सांगितली.

स्टेनची पट्टी त्यांच्याकडे नव्हती, पण त्यांनीच शेजारच्या माणसांच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून मागवली. काळ्याच्या बुबुळावर खालच्या बाजूला तांदळाच्या कणीएवढी हिरवी चमक दिसली. मला दाखवली त्यांनी. नुसत्या डोळ्यांनी तिथे काहीच दिसत नव्हतं. त्याला अँटिबायोटिकचे ड्रॉप्स दिवसातून चार वेळा आणि तीन दिवसांनी परत तपासणी. पांढऱ्या-काळ्याला मलम आणि पोटात घ्यायचं पातळ औषध, डॉक्सिसायक्लिन लिहिलंय.

आता दोन अडचणी. ड्रॉप्स घालायला गेलं की काळं पिल्लू इतकं वळवळतं की थेंब कानात जातो. आणि पांढरं-काळं आईजवळ जातं, पण पिताना सोडून देतं.

वाटसरू_पुणे

पिताना सोडून देतं कारण नाक चोंदलंय. पिताना तोंड बंद, नाकही बंद, मग श्वास कुठून घेणार? आधी नाक भिजवून मोकळं करा, तसंच कोमट बोळ्याने. न्हाणीघरात गरम पाण्याच्या बादलीची वाफ कोंडा आणि पिल्लाला मांडीवर घेऊन दहा मिनिटं बसा. बादलीजवळ नको, नुसती दमट हवा पुरे. त्यात निलगिरी किंवा बाम काही घालायचं नाही, मांजरांना ते बाधतं. त्यानंतर लगेच आईला लावा.

आजपासून दोघांचं रोज एकाच वेळी वजन करा. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो, वर एक डबा ठेवून. महिन्याचं पिल्लू साधारण चारशे ग्रॅमच्या आसपास असतं आणि रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढायला हवं. एक दिवस वाढलं नाही तर लक्ष द्या. कमी झालं तर डॉक्टरांना कळवा. डोळे सुधारतायत की नाही याच्या आधी वजनाचा काटा सांगतो की पिल्लू कुठे चाललंय.

वरचं द्यावं लागलं तर मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर मिळते, तालुक्याला नसली तर ऑनलाइन मागवा. गाई-म्हशीच्या दुधाने जुलाब लागतात. पाजताना पिल्लू पोटावर, मान सरळ. माणसाच्या बाळासारखं उताणं धरलं की दूध फुप्फुसात जातं. अंग गार लागत असेल तर आधी ऊब द्यायची, मग दूध. गार पिल्लाला दूध पचत नाही.

नीरा_काठी

ड्रॉप्ससाठी: पिल्लू हातरुमालाएवढ्या कापडात मानेपर्यंत घट्ट गुंडाळा, चारही पाय आत. टेबलावर तुमच्याकडे पाठ करून बसवा. समोरून बाटली येताना दिसली की ते बिथरतं, म्हणून हात मागून, डोक्यावरून आणायचा. डाव्या हाताने हनुवटी किंचित वर, त्याच हाताच्या अंगठ्याने वरची पापणी मागे. बाटलीचा हात त्याच्या डोक्यावर टेकवा म्हणजे डोकं हललं तरी हात बरोबर हलेल. एक थेंब पुरे, दुसरा गालावरच ओघळतो. टोक डोळ्याला लागता कामा नये. दोन वेगवेगळी औषधं असतील तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या, आधी थेंब, मग मलम.

डॉक्सिसायक्लिन पातळच दिलंय हे चांगलं. यापुढे कुणाला गोळी मिळाली तर ती कोरडी गिळवू नका. मांजराच्या अन्ननलिकेत ती अडकते आणि तिथे जखम होते. वरून थोडं पाणी किंवा खाणं गेलंच पाहिजे. आणि डोळे छान दिसायला लागले म्हणून औषध मधेच थांबवू नका. क्लॅमिडियाला तर कित्येकदा चार आठवडे औषध चालतं.

काळं डोळा चोळत असेल तर गळ्यात पुठ्ठ्याची किंवा जुन्या मऊ फोमची चकती बसवा, मात्र आईकडे पाजायला सोडताना काढा.

किनारा

आमच्याकडे पर्शियन पिल्लू आहे, तीन महिन्यांचं. दोन्ही डोळ्यांतून कायम पाणी आणि नाकाशेजारी तपकिरी डाग. विकणाऱ्याने सांगितलं की पर्शियनचं असंच असतं. खरंच असं असतं का?

नीरा_काठी

अर्धं खरं आहे. चपट्या तोंडाच्या मांजरांमध्ये अश्रू नाकात उतरण्याची नळी मुडपलेली असते, त्यामुळे पाणी गालावर येतं. अश्रूंमधल्या रंगद्रव्याने केस तपकिरी होतात, ते रक्त नव्हे. रोज पुसून कोरडं ठेवायचं, नाहीतर घडीतली कातडी चिघळते. पण काहींची पापणी आत वळलेली असते आणि केस दिवसरात्र बुबुळावर घासतात. ते "असंच असतं" म्हणून सोडून द्यायचं नाही. एकदा डॉक्टरांकडून पापण्या तपासून घ्या आणि नंतर कधी एकच डोळा जास्त गळू लागला किंवा बारीक झाला, तर ते नेहमीचं पाणी समजू नका.

तुम्ही मुंबईत असाल तर परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल आहेच. मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच, १८८६ पासूनचं. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल त्यांनी अशा ठिकाणी जरूर जावं. नागपूरला आणि शिरवळलाही महाविद्यालयांचे दवाखाने आहेत.

शेवगा

माझ्या धाकट्या मुलीला अशा पिल्लांशी खेळू द्यावं का? माणसाला लागण होते का याची?

नीरा_काठी

मांजरांचा हर्पिस आणि कॅलिसी माणसाला होत नाही. क्लॅमिडियाने क्वचित माणसाचे डोळे येऊ शकतात, म्हणून औषध घातल्यावर साबणाने हात धुवायचे आणि तोवर स्वतःच्या डोळ्यांना हात लावायचा नाही. मुलांना पिल्लं बरी होईपर्यंत लांबून बघू द्या. आणि भटकं पिल्लू चावलं किंवा ओरखडलं तर जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुऊन रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. पिल्लू लहान आहे म्हणून यात सूट नाही.

रानजाई

आज फेरतपासणी झाली. काळ्याचा हिरवा ठिपका जवळजवळ नाहीसा झालाय, डोळा पूर्ण उघडतं. ड्रॉप्स अजून चालू ठेवायला सांगितलेत. पांढऱ्या-काळ्याचं वजन दोन दिवस तिथेच होतं, कालपासून वाढायला लागलंय. पिवळ्याचं पाणी वाढून थोडं चिकट झालं म्हणून त्यालाही नेलं, आता त्यालाही मलम चालू आहे.

सासूबाई आता स्वतः बोळे उकळून देतात. खोप कशाने धुवावी असं विचारतायत. फिनेल चालेल का?

वाटसरू_पुणे

फिनेल अजिबात नको. त्यातली द्रव्यं मांजराच्या यकृताला पेलत नाहीत, आणि पिल्लं जमिनीवर लोळून अंग चाटतात. अंथरलेलं गोणपाट जाळून टाका किंवा फेकून द्या, त्याऐवजी जुनी सुती कापडं घाला आणि रोज गरम पाण्याने धुऊन बदला. जमीन आधी साबणाच्या पाण्याने धुवायची. पिल्लं दुसरीकडे असताना पातळ केलेलं ब्लीच, म्हणजे एक भाग ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं ठेवून भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यायचं. हर्पिस बाहेर फार टिकत नाही, एखाद दिवसात मरतो. कॅलिसी मात्र कित्येक दिवस, कधी आठवडे तग धरतो, म्हणून ब्लीच. खोपीत चुलीचा किंवा मच्छर अगरबत्तीचा धूर जात असेल तर तोही बंद करा, धुरानेही डोळे गळतात.

हिरवा_चाफा

आमच्या पिल्लाची पापणी डॉक्टरांनी उघडली. पू बराच होता, पण बुबुळ वाचलंय म्हणाले. मलम चालू आहे. बाकीच्यांपैकी अजून एकाचं तसंच सुरू होत होतं, तेही वेळेत सापडलं.

या सगळ्यांना लस केव्हा द्यायची?

नीरा_काठी

चाफाताई, फार चांगलं झालं.

लस आजारपणात नाही, पूर्ण बरं झाल्यावर. तीन आजारांची एकत्र लस असते, दवाखान्यात ट्रायकॅट म्हटलं की कळतं. हर्पिस, कॅलिसी आणि पॅनल्यूकोपेनिया (उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) हे ते तीन. पहिली सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग दर तीन-चार आठवड्यांनी, सोळा आठवडे उलटेपर्यंत. आईकडून आलेलं संरक्षण लस निष्प्रभ करतं आणि ते कोणत्या पिल्लात कधी ओसरेल सांगता येत नाही, म्हणून शेवटचा डोस सोळा आठवड्यांनंतर पडायला हवा. रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर. लस घेतलेल्या मांजरालाही सर्दी होऊ शकते, पण ती बहुतेक वेळा हलकी जाते, सहसा डोळा गमावण्यापर्यंत पोचत नाही.

हर्पिस होऊन गेलेल्या पिल्लांचे डोळे पुढेही ताणाच्या वेळी गळू शकतात: घर बदललं, नवीन मांजर आलं, नसबंदी झाली. तेव्हा नुसतं स्वच्छ पाणी असेल आणि डोळा उघडा असेल तर दोन दिवस बघा. लायसिनची पावडर अनेकजण सुचवतील, पण अभ्यासांमध्ये तिचा फायदा दिसलेला नाही, त्या पैशात चांगलं खाणं द्या.

रानजाई, मांजरी पाजत असतानाही पुन्हा गाभण राहू शकते. पिल्लं सुटी खायला लागली की तिची नसबंदी करून घ्या, त्याबद्दल तिथल्या डॉक्टरांशी आताच बोलून ठेवा, तुमच्याकडून म्हापसाही जवळ पडेल. तोवर बोका खोपीकडे फिरकू देऊ नका.

रानजाई

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले पिल्लं दोन महिन्यांची झाली की आईला घेऊन या, पिल्लांची पहिली लसही त्याच दिवशी देऊ. पिवळ्यासाठी आणि चौथ्या पिल्लासाठी गावातच घर मिळतंय. त्यांना औषध संपल्यावर किती दिवसांनी पाठवू?

वाटसरू_पुणे

औषध संपवून लगेच नको. डोळे-नाक पूर्ण कोरडे झाल्यावर निदान दोन आठवडे आईजवळच राहू द्या आणि आठ आठवडे पूर्ण होण्याआधी कुणालाच पाठवू नका. नेणाऱ्यांच्या घरी आधीचं मांजर असेल तर त्याची लस झालीय का विचारा आणि पहिले दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवायला सांगा. नवीन घराच्या ताणाने पिवळ्याचा डोळा पुन्हा गळू शकतो हे त्यांना पिल्लू देतानाच सांगा, आणि डोळा बारीक करून बसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचं, हे डॉक्टरांच्या फोन नंबरसकट कागदावर लिहून द्या.